वाढलेलं हाड फिल्मवर सापडत नाही

एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली की पाय दुखणाऱ्या माणसाचं बोट आधी अंगठ्याच्या मुळाशी जातं. बाहेरून तो उंचवटा इतका ठसठशीत असतो, की आत काहीतरी जादाचं, वरून चिकटलेलं, तासून काढण्याजोगं हाड दिसणारच अशी त्याची खात्री असते. बोट हाडाच्या कडेवरून खाली-वर फिरतं आणि थबकतं. “मग वाढलेलं हाड कुठंय यात?” हा प्रश्न दर वेळी अडचणीत टाकतो. उत्तर दोन शब्दांचं आहे, हाड सरकलंय, पण ते ऐकून कोणाचं समाधान होत नाही. वाढलेली वस्तू कापता येते, विरघळवता येते, निदान तिच्यावर काही चोळता तरी येतं. सरकलेल्या हाडाचं काय करायचं? अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या या उंचवट्यावरच्या, म्हणजे बुनियनवरच्या उपायांची जी भाऊगर्दी आहे, पट्ट्या, मलमं, सिलिकॉनचे तुकडे, रात्री बांधायचे पट्टे, तिच्यातली बरीचशी या एका गैरसमजावर पोसली गेली आहे.

चवड्याच्या आतल्या कडेला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूला, एक आखूड पण दणकट हाड असतं: पहिलं मेटाटार्सल. त्याच्या गोलसर डोक्यावर अंगठ्याचं पहिलं पेर बसतं, आणि चालताना टाच उचलली गेली की पाय इथेच वाकतो, साधारण ४० ते ६५ अंश. बुनियन होतं तेव्हा हे मेटाटार्सल आतल्या बाजूला कलतं आणि अंगठा उलट, करंगळीच्या दिशेला. दोघांमध्ये कोन पडतो आणि कोनाचं टोक जोड्याला जाऊन टेकतं. आपण चाचपतो तो उंचवटा बहुतांशी मेटाटार्सलचं मूळचंच डोकं असतं, एरवी अंगठ्याच्या ओळीत दडलेलं. त्यावर घर्षणाने कातडी जाड होते, आणि कातडी व हाड यांच्यामधली द्रवाची चपटी पिशवी, बर्सा, सुजते. बोटाने दाबून पाहिलं तर वर लिबलिबीत लागतं आणि खाली टणक. लिबलिबीत भाग आठवडाभरात कमी-जास्त होतो. टणक भागाला औषधाची पर्वा नसते. कार्ल ह्युटर या जर्मन शल्यविशारदाने १९ व्या शतकात या विकाराला हॅलक्स व्हॅल्गस हे नाव दिलं. त्याआधी वैद्यकातही ही गाठ म्हणजे हाडाची किंवा त्यावरच्या मांसाची वाढ आहे असंच धरून चालत. तेव्हा फिल्मवर बोट फिरवणाऱ्याला हसण्याचं काही कारण नाही.

गंमत अशी की मेटाटार्सलच्या डोक्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. चहूबाजूंनी जाणाऱ्या, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या स्नायूबंधांच्या आणि हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधांच्या झोळीत ते नुसतं तोललेलं असतं. त्याच्या खाली मसुरीएवढी नव्हे, त्याहून जरा मोठी अशी दोन सुटी हाडं असतात, सेसमॉइड; ती स्नायूबंधात रुतलेली असतात आणि डोक्याच्या खालच्या दोन खाचांमधून पुढे-मागे सरकतात. मेटाटार्सल आत कललं की ही दोन्ही हाडं आपल्या जागीच राहतात, डोकंच त्यांच्यावरून घसरून जातं. अंगठ्याला आतल्या बाजूला ओढून धरणारा स्नायू, ॲबडक्टर, हळूहळू सांध्याच्या खाली जातो आणि बाजूला ओढण्याचं त्याचं बळ संपतं. समोरचा ॲडक्टर मात्र बाहेर ओढतच राहतो, आता कुणाचा अडसर नसताना. त्यातच अंगठा वर उचलणारे आणि खाली वाकवणारे लांब स्नायूबंध धनुष्याच्या दोरीसारखे कोनाच्या बाहेरच्या बाजूने ताणले जातात. प्रत्येक पावलाला ते आखडतात आणि प्रत्येक पावलाला अंगठा आणखी थोडा बाहेर ओढतात. शिवाय मेटाटार्सल नुसतं कलत नाही, बहुतेक पायांत ते स्वतःभोवती वळतंही. अंगठ्याचं नख मग आभाळाकडे न बघता दुसऱ्या पायाकडे तिरपं बघू लागतं, आणि अंगठ्याच्या आतल्या कडेवर, अगदी खालच्या बाजूला, एक लांबट घट्टा पडतो. पाय समोर धरून तो घट्टा आणि ते तिरपं नख पाहिलं, तरी एक्स-रेआधी अर्धं काम होतं.

दोष कुणाचा, हा प्रश्न यानंतर येतोच.

तो बहुधा खालच्या आवाजात येतो, आणि विचारणारी बहुधा बाई असते. तरुणपणी घातलेल्या टोकदार, उंच टाचांच्या जोड्यांची जणू कबुलीच द्यायची असते. ही अपराधी भावना मला पटत नाही आणि पूर्णपणे झटकताही येत नाही. १९५८ मध्ये हाँगकाँगमधल्या एका पाहणीत जोडे घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांचे पाय ताडून पाहिले होते: जोडे घालणाऱ्यांत ३३ टक्के लोकांना कमी-अधिक हॅलक्स व्हॅल्गस होता, अनवाणी लोकांत १.९ टक्के. आकडा जोड्यांच्या विरोधात जातो यात शंका नाही. पण अनवाणी लोकांचा आकडा शून्य नाही, हेही तितकंच खरं. जन्मात कधी जोडा न घातलेल्या पायालाही हे होतं. २०२१ मध्ये केंब्रिज आणि आसपासच्या चार दफनभूमींतल्या १७७ सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ ते १३ व्या शतकातल्या सांगाड्यांत बुनियनच्या खुणा ६ टक्क्यांत, १४-१५ व्या शतकातल्या सांगाड्यांत २७ टक्क्यांत. मधल्या काळात इंग्लंडात लांब चोचीच्या जोड्यांची टूम आली होती. ती इतकी फोफावली की १४६३ मध्ये चौथ्या एडवर्ड राजाला चोचीची लांबी दोन इंचांच्या आत ठेवण्याचा कायदा करावा लागला. ही टूम पुरुषांचीही होती, किंबहुना जास्त त्यांचीच. हाडांवरून आणखी एक कळलं: बुनियन असलेल्या वयस्कर माणसांच्या सांगाड्यांत पडून मोडलेल्या हाडांच्या खुणा जास्त होत्या. अंगठा जमिनीला नीट टेकत नसेल तर तोल जातो, तेव्हाही आणि आताही.

पण त्याच काळात, तसलेच जोडे घालणाऱ्या बाकीच्या ७३ टक्के लोकांचं काय? त्यांना का झालं नाही? इथे घराणं येतं. बुनियन जसंच्या तसं वारशात मिळत नाही. मिळते ती पायाची घडण. मेटाटार्सलचं डोकं सपाट असण्याऐवजी फारच गोल असणं, त्याच्या बुडाशी असलेला सांधा तिरका किंवा ढिला असणं, अस्थिबंध सैल असणं, तळवा सपाट असणं. अशा पायाला अरुंद जोडा मिळाला की सरकण्याला वेग येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींच्या पायांवर बुनियन दिसतं तेव्हा उंच टाचांना दोष देता येत नाही, आणि बहुतेकदा शेजारी बसलेल्या आईचे नाहीतर आजीचे पाय पाहिले की खुलासा होतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातातही सांध्याचं आवरण ढिलं पडून हेच घडतं. बाकी हा विकार दुर्मीळ म्हणावा असा मुळीच नाही: अनेक पाहण्या एकत्र करून २०१० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार १८ ते ६५ वयोगटात सुमारे २३ टक्के, त्यापुढच्या वयात सुमारे ३५ टक्के लोकांना तो असतो, आणि बायकांमध्ये जास्त. इतक्यांना असून त्यातले कितीतरी जण कधी डॉक्टरकडे जात नाहीत, कारण त्यांना दुखत नाही.

दुखणं आणि दिसणं यांचं प्रमाण जुळत नाही, ही यातली सगळ्यात चकवणारी बाब. फिल्मवर दोन कोन मोजतात. पहिला अंगठा आणि मेटाटार्सल यांच्यातला, १५ अंशांच्या आत असला तर ठीक. दुसरा पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधला, ९ अंशांच्या आत असावा. पहिला कोन ४० च्या वर गेला की गंभीर म्हणतात. हा एक्स-रे उभं राहून, दोन्ही पायांवर भार देऊनच काढायला हवा. पलंगावर झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हाडं भार नसल्यामुळे जवळ येतात आणि कोन खोटा, कमी दिसतो. अशी फिल्म घेऊन आलेल्याला पुन्हा काढायला सांगावं लागतं आणि तो वैतागतो, ते साहजिकच आहे. तर ४५ अंशांचा अंगठा घेऊन माणसं मैलोन्मैल चालतात, आणि १८ अंशांचा अंगठा रात्री झोपू देत नाही. म्हणून कोन मोजण्याआधी नेमकं काय दुखतं ते शोधावं लागतं.

उंचवट्यावर बोट ठेवताच चुरचुरतं, कातडी तांबडी आणि चकचकीत झालेली असते, जोडा काढला की अर्ध्या तासात बरं वाटतं. तर ते बर्साचं आणि घर्षणाचं दुखणं. त्यावर जोडा बदलणं हाच इलाज, आणि तो चांगला लागू पडतो. दुखणं आत, खोल असेल, अंगठा वर-खाली करताना कचकच जाणवत असेल, अनवाणीही दुखत असेल, तर सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजलेली असण्याची शक्यता; मग जोडा एकटा पुरत नाही. अंगठ्याच्या आतल्या कडेने मुंग्या किंवा वीज गेल्यासारखं होत असेल तर उंचवट्यावरून जाणारी कातडीची बारीक नस चेपली जातेय. आणि पुष्कळांचं खरं दुखणं उंचवट्यावर नसतंच, ते दुसऱ्या बोटाखाली चवड्यात असतं. अंगठा आपला भार उचलेनासा झाला की तो शेजारच्या बोटाच्या मुळावर पडतो, तिथे घट्टा येतो, खडा रुतल्यासारखं वाटतं, पुढे दुसरं बोट आकड्यासारखं वाकतं किंवा अंगठ्यावर चढतं. असा माणूस तक्रार दुसऱ्या बोटाची सांगतो आणि अंगठ्याकडे बोट दाखवलं की त्याला नवल वाटतं. बुनियन नसलेलीही दुखणी इथेच येतात. सांधा रातोरात सुजला, लालभडक आणि गरम झाला, चादरीचा स्पर्शही सोसेना, तर गाउट, म्हणजे युरिक ॲसिड साचून होणारा संधिवात, आठवावा. उंचवटा बाजूला नसून सांध्याच्या वरच्या अंगाला असेल आणि अंगठा वर वाकतच नसेल, तर तो ताठ झालेला सांधा, हॅलक्स रिजिडस. त्याची तऱ्हा वेगळी. उंचवट्यावरची कातडी फुटून पाणी किंवा पू येत असेल, त्यातून मधुमेह असेल, तर घरगुती काही न करता त्याच दिवशी दाखवायला जायचं. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम दुखत नाही म्हणून ती साधी वाटते आणि तिथेच घात होतो. भोवरीवर लावायच्या आम्लाच्या पट्ट्या अशा पायाला कधीच लावायच्या नाहीत.

आता जोड्यांकडे.

इथे सल्ला सगळे देतात, “रुंद जोडे घाला,” आणि तिथेच थांबतात. रुंद म्हणजे किती? एक कोरा कागद जमिनीवर ठेवावा, संध्याकाळी, पाय दिवसभरात जेवढा सुजायचा तेवढा सुजल्यावर. त्यावर मोजा न घालता उभं राहावं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पायाची कड आखायला सांगावी. स्वतः वाकून आखलं की भार सरकतो आणि रेघ चुकते. पेन्सिल तिरपी धरली की ती तळव्याखाली शिरते आणि पाय आहे त्याहून अरुंद उतरतो. दोन्ही पाय आखावेत, मोठा निघेल तो खरा धरावा. मग जोड्यातला सुटा सोल बाहेर काढून त्या आकृतीवर ठेवावा. आकृती सोलच्या बाहेर कुठे डोकावते ते लगेच दिसतं, आणि जवळजवळ नेहमी ती एकाच ठिकाणी डोकावते. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. जोड्याची सर्वांत रुंद जागा पायाच्या सर्वांत रुंद जागेवरच यायला हवी. रुंदी मिळावी म्हणून एक-दोन नंबर मोठा जोडा घेणं ही नेहमीची चूक. त्यात पाय पुढे घसरतो, चवडा पुन्हा निमुळत्या टोकात जाऊन अडकतो, टाच मागे फटफटते, आणि ती धरून ठेवायला बोटं आवळली जातात. लांबी तीच ठेवून जादा रुंदीचा साचा मागावा.

टाच तीन सेंटिमीटरच्या आत ठेवावी, कारण ती जितकी उंच तितका भार चवड्यावर. पण अगदी सपाट, कागदासारख्या पातळ तळाचा, हवा तसा पिळता येणारा जोडाही सांध्याला सुखाचा नसतो. तळ चवड्यापाशी वाकावा, मध्यात वाकू नये. हातात घेऊन दोन्ही टोकांनी दाबून पाहिलं की कळतं. वरचं कातडं मऊ हवं, आणि उंचवट्यावर येणाऱ्या जागी शिवण, पट्टी, कडी, नक्षी काही नको. जुन्या जोड्याच्या आत बोट घालून अस्तर चाचपलं, तर नेमकं कुठे घासतं ते सापडतं: तिथलं अस्तर गुळगुळीत होऊन गेलेलं किंवा फाटलेलं असतं. नाडीच्या जोड्यात उंचवट्याच्या बाजूचं सर्वांत खालचं भोक सोडून नाडी वरच्या भोकापासून ओवली की तिथला ताण चटकन उतरतो. इतका साधा उपाय, आणि तो सर्वांत शेवटी सुचतो. अस्सल कातड्याचा जोडा जागच्या जागी फुगवता येतो. चांभाराकडे चिमट्यासारखं एक अवजार असतं, एका टोकाला गोळा आणि दुसऱ्याला कडं. गोळा आतून, कडं बाहेरून लावून, कातडं थोडं ओलावून दिवसभर आवळून ठेवलं की बरोबर उंचवट्यापुरती वाटी तयार होते. जागा चुकू नये म्हणून आधी जोडा घालून, वरून चाचपून, खडूने खूण करून द्यावी. प्लास्टिकच्या किंवा रेक्झिनच्या जोड्यावर मात्र हे करू नये, ते ताणलं तरी पूर्वस्थितीला येतं किंवा तडकतं.

जागा झाली की मगच गाद्यांचा विचार. अरुंद जोड्यात जेलची टोपी घालणं म्हणजे आधीच दाटीत बसलेल्याच्या मांडीवर आणखी एकाला बसवणं. नमद्याची गादी लावायची तर उंचवट्यावर नाही, त्याच्याभोवती, मध्ये भोक ठेवून, म्हणजे दाब कडेवर जातो आणि टोक मोकळं राहतं. दुसऱ्या बोटाखाली दुखत असेल तर सोलवर छोटी गादी चिकटवतात, पण ती दुखऱ्या जागेखाली नव्हे, तिच्या सुमारे एक सेंटिमीटर मागे, टाचेच्या बाजूला. दुखऱ्या जागेखाली लावलेली गादी दाब वाढवते, आणि माणूस “गादीने जास्तच दुखायला लागलं” म्हणून काढून टाकतो. अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा बरा, पण पातळ. जाड तुकडा अंगठ्याला सरळ करण्याआधी दुसऱ्या बोटाला वाकडं करतो, कारण दोघांत ते कमजोर. तुकडा काढल्यावर कातडी ओलसर, पांढरी राहिली असेल तर तिथे बुरशी धरते. रोज धुऊन, सुकवून घालायचा.

रात्रीच्या पट्ट्यांच्या जाहिरातीत आधीचा वाकडा आणि नंतरचा सरळ अंगठा शेजारी शेजारी दाखवतात. बांधलेला असतो तोवर तो सरळ दिसतोच. सोडला की परत जातो, प्रौढ पायात तरी. ज्या शक्ती त्याला ओढतात त्या उभं राहिल्यावर आणि चालताना काम करतात, झोपेत नव्हे. तरी रात्री ताठरलेल्या सांध्याला ताण मिळून सकाळी बरं वाटतं असं काहीजण सांगतात, आणि ते खोटं म्हणायचं कारण नाही. मुंग्या आल्या, बोट निळसर पडलं, तर सैल करावा. फिनलंडमध्ये २०९ लोकांवर झालेली एक चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला पायाच्या मापाचे सोल, तिसऱ्याला नुसतं थांबायला सांगितलं. सहा महिन्यांनी सोलवाल्यांचं दुखणं नुसतं थांबायला सांगितलेल्यांपेक्षा कमी होतं. वर्षाने तो फरक उरला नाही, आणि शस्त्रक्रियावाले दोघांच्या पुढे होते. यातून शस्त्रक्रियेचा जयजयकार करणारे करतात. मला त्यात एवढंच दिसतं, की सोल दुखणं उतरवतात, अंगठा सरळ करत नाहीत, आणि सहा महिन्यांचा आराम ही काही टाकून देण्याची गोष्ट नाही.

व्यायामाबद्दलही असंच. पन्नास अंशांचा अंगठा व्यायामाने जागेवर येत नाही. पण सुरुवातीच्या, लवचिक अंगठ्यात झोपलेला ॲबडक्टर जागा करता येतो, सांधा मोकळा राहतो, चवड्यावरचा भार वाटला जातो. खुर्चीत बसावं, पाऊल जमिनीवर सपाट. टाच आणि चवडा न उचलता पाचही बोटं वर उचलावीत. मग आधी करंगळी बाहेरच्या बाजूला टेकवावी, नंतर अंगठा आतल्या बाजूला, जमेल तेवढा दूर. पाच सेकंद धरावं, दहा वेळा करावं. पहिले काही दिवस अंगठा ऐकतच नाही, करंगळीच्या मागोमाग सगळी बोटं एकदम पडतात. हाताने अंगठा धरून मदत केली तरी चालते. आतल्या कमानीत, टाचेच्या जरा पुढे, स्नायू घट्ट होताना बोटाला लागला म्हणजे जमलं. दुसरा व्यायाम: बोटं न आवळता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायची. बोटं आवळली गेली तर चुकलं, कारण तेव्हा तेच लांब स्नायूबंध आखडतात जे अंगठ्याला बाहेर ओढतात. सांधा हलवताना एका हाताने मेटाटार्सल डोक्याच्या जरा मागे घट्ट धरावं, दुसऱ्या हाताने अंगठ्याचं पहिलं पेर, नखाकडचं नव्हे. हलकेच पुढे ओढून, ओढ कायम ठेवून वर-खाली करावं. टोक धरून वाकवलं तर भलताच सांधा वाकतो आणि हा आहे तिथेच राहतो. पोटरी आखडलेली असेल तर भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला लावून तीस सेकंदांचा ताण, तीन वेळा. पोटरी आखडली की टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर वेळेआधी भार पडतो.

औषधांचं थोडक्यात: सुजलेल्या बर्साला कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, डायक्लोफिनॅकचं मलम काही दिवस. गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जड जातात, महिनोन्महिने घ्यायच्या नाहीत.

शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे फिल्मवर फिरणाऱ्या त्या बोटाचाच इतिहास आहे. १९२३ मध्ये डेव्हिड सिल्व्हर यांनी उंचवटा तासून सांध्याचं आवरण आवळण्याची पद्धत मांडली, आणि नुसतं तासणं पुढे कितीतरी वर्षं चाललं. पाय काही दिवस छान दिसायचा. मेटाटार्सल कललेलंच असल्यामुळे अंगठा पुन्हा घसरायचा. पुन्हा येऊ नये म्हणून जास्त तासलं आणि जास्त आवळलं, की अंगठा उलट बाजूला वळायचा, आणि तसा अंगठा जोड्यात घालणं मूळच्या बुनियनपेक्षा अवघड. आज या विकारावर शंभराहून जास्त शस्त्रक्रिया नोंदलेल्या आहेत. इतक्या असण्याचा अर्थ, सगळ्यांना चालेल अशी एकही नाही. कोन मध्यम असेल तर मेटाटार्सलच्या डोक्यामागे व्ही आकाराचा काप घेऊन डोकं बाहेरच्या बाजूला सरकवतात, ही शेव्हरॉन. साधारण एक मिलिमीटर सरकवलं की दोन मेटाटार्सलमधला कोन एक अंशाने कमी होतो, यावरून तिची मर्यादा लक्षात येते: डोकं फार सरकवलं तर हाडाला हाड टेकायला जागाच उरत नाही. कोन मोठा असेल तर दांड्यात लांब झेड आकाराचा काप, स्कार्फ. बुडाचा सांधाच ढिला असेल तर तो पक्का जोडून टाकणारी लॅपिडस, १९३४ पासूनची. अंगठ्याच्या पेरातच वाकडेपणा असेल तर त्यातून दोन-तीन मिलिमीटरची पाचर काढणारी एकिन. कूर्चा संपली असेल तर अंगठ्याचा सांधाच गोठवतात. दुखणं जातं, वाकणंही. अलीकडे हेच काप काही मिलिमीटरच्या छिद्रांतून बारीक फिरत्या पात्याने घेतात. व्रण लहान राहतात, पण हाड तेवढंच कापलेलं असतं आणि जुळायला वेळही तेवढाच लागतो. “दुर्बिणीतून करा म्हणजे आठवड्यात कामावर जाता येईल” असं मानणाऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

बहुतेकदा घोट्यापाशी किंवा गुडघ्यामागे भूल देऊन हे होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. पुढचे दोन आठवडे खरे कसोटीचे. पाय हृदयापेक्षा वर, स्टुलावर नव्हे तर आडवं होऊन उशांवर. खाली सोडला की ठसठस सुरू होते आणि जखमेवर ताण येतो. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. सहा आठवडे कडक तळाचा खास जोडा, भार टाचेवर. लॅपिडसमध्ये भार द्यायला आणखी थांबवू शकतात. अंगठा हलवायला डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून लागायचं, दुखतं म्हणून टाळलं तर सरळ पण ताठ अंगठा पदरी पडतो. सूज तीन ते सहा महिने, कधी वर्षभर रेंगाळते. शस्त्रक्रिया उजव्या पायाची असेल तर गाडी चालवणं किमान सहा आठवडे बंद, आणि पुढेही जोरात ब्रेक दाबता येतो का ते उभ्या गाडीत आधी पाहायचं. तंबाखू-सिगारेट हाड जुळण्यात आडवी येते, ती आधीच सोडायची. बिघडू शकणाऱ्या गोष्टीही आहेत: अंगठ्याच्या कडेचा बधिरपणा, जंतुसंसर्ग, पोटरीत रक्ताची गुठळी, हाड न जुळणं, मेटाटार्सलच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणं. मेटाटार्सल आखूड झालं तर भार दुसऱ्या बोटाखाली जातो, म्हणजे एक दुखणं देऊन दुसरं घेतलं. आणि काही जणांत बुनियन काही वर्षांनी परत येतं, विशेषतः कमी वयात केलेल्यांत आणि सेसमॉइड डोक्याखाली परत न आणलेल्यांत.

म्हणून जे दुखत नाही त्यावर, नुसतं दिसायला वाईट म्हणून, सुरी चालवून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पुढे वाढेल या भीतीनेही नाही. सहा महिने किंवा वर्षाने पाय पुन्हा कागदावर आखावा, जुन्या आकृतीवर ठेवून उजेडात धरावा. वाढतंय की नाही ते दिसतं. दुखतं, जोडा बदलून आणि सोल घालूनही रोजचं चालणं अडतं, तेव्हा नक्की जावं आणि विचारावं: माझे दोन कोन किती आहेत, बुडाचा सांधा ढिला आहे का, यातली कोणती पद्धत करणार आणि तीच का. दोन्ही पाय वाकडे असतील तर दोन्ही एकदम करून घेण्याचा मोह होतो, सुट्टी एकदाच पडते. पण मग पहिले काही आठवडे भार द्यायला चांगला पाय उरत नाही, न्हाणीघरापर्यंत जातानाही कुणाचा तरी आधार लागतो. एक पाय आधी, आणि दुसरा पहिल्यावर पूर्ण भार देऊन बिनधास्त चालता यायला लागल्यावर. नवे जोडे मात्र तोवर घेऊ नयेत. सुजलेल्या पायाच्या मापाने घेतलेला जोडा सूज उतरली की ढिला होतो, आणि ढिल्या जोड्यात पाय पुन्हा पुढे घसरतो.